माझा जावई स्लाव आहे

देरा, दुबई
९ नोव्हेंबर २०२४

अवनी,

पत्ता जुना आहे, त्यामुळे हे तुझ्या हाती पडेल की नाही कुणास ठाऊक. आईच्या दिवसांना आली होतीस तेव्हा तुझ्या बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवरून मी तो उतरवून घेतला होता. का घेतला ते विचारू नकोस. तुझा फोन नंबर बदललाय हे मला गेल्या दिवाळीत कळलं. कसं कळलं तेही विचारू नकोस.

मी बरा आहे. किचन नीट चाललंय. जबल अलीला कामगारांच्या आणखी एका कॅम्पचे डबे सुरू झाले. संजय सगळं बघतो. मी आपला सकाळी जाऊन आमटीची चव घेतो आणि "मीठ कमी" म्हणतो. मीठ बरोबर असलं तरी म्हणतो, नाहीतर पोरांना वाटेल मालक आता नुसताच येतो.

आता मुद्द्याचं. परवा संजयच्या मुलीने फोनवर एक फोटो दाखवला. "अंकल, इज दिस अवनीदीदी?" तूच होतीस. केस कापलेस. तुझ्या मांडीवर एक छोटी मुलगी होती, दोनेक वर्षांची असेल. तिचं कपाळ थेट तुझ्या आईचं. मी म्हटलं, "हो, ही माझी नात." जसं काही मला माहीतच होतं.

तो कुठल्याशा स्वीडिश मासिकातला लेख होता, तूच लिहिलेला. पहिल्या काही ओळी दिसत होत्या. बाकीचं कुलूपबंद, वर्गणीदारांसाठी. संजयच्या मुलीने फोनला त्या ओळींचं मराठी करायला सांगितलं. फोनने केलं. मूळ स्वीडिश ओळी आणि त्यांखाली ते मराठी मी कागदावर लिहून घेतलं, ते असं:

"माझा नवरा गुलाम आहे. माझी मुलगी अर्धी गुलाम आहे. त्यांच्या घरात माझी भाषा कुणी बोलत नाही."

अवनी, हे काय आहे?

मुलगी वाचून हसली. तिला तो जोक वाटला. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि म्हटलं, खलास, जा अभ्यास कर.

तुला मैमुनाबी आठवते का? तू सातवी-आठवीत असशील. आपल्या किचनच्या मागच्या दाराशी यायची, हैदराबादची, शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका घरी कामाला होती. उरलेला भात मागायची. तुझी आई विचारायची, सब ठीक है ना? ती म्हणायची, सब ठीक है, दीदी. किती आठवडे तेच. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, दार बाहेरून बंद, आणि तोंडाने सब ठीक. शेवटी तुझ्या आईने तिला घरात ठेवून घेतलं आणि वकिलातीत नेलं. मी तेव्हा आईला म्हणालो होतो की आपण यात पडायला नको. ती पडली.

म्हणून मी तुला "सगळं ठीक आहे का" असं विचारणार नाही. सरळ विचारतो. तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे? दामिर कुणासाठी काम करतो? त्याच्यावर कुणाचा ताबा आहे? मी त्याला एकदाच पाहिलंय, एअरपोर्टवर, ज्या दिवशी तू सांगितलंस की तुमचं लग्न होऊन वर्ष झालं. मी काही बोललो नव्हतो. तोही काही बोलला नव्हता. माणूस शांत वाटला. पण दबलेली माणसंही शांतच असतात.

उत्तर पाठव. एक ओळ चालेल.

बाबा

* * *

देरा
२४ नोव्हेंबर

अवनी,

उत्तर नाही. पोस्टाचा दोष असेल असं धरून चालतो.

मी एक इंग्लिश-स्वीडिश डिक्शनरी मागवली. फोनवर माझा विश्वास नाही. तो मागे एकदा "वरण" या शब्दाला सरडा म्हणाला होता. म्हणून छापील बघितलं. एस्‌च्या पानावर "स्लेव्ह" काढला. पुढे स्वीडिश लिहिलंय: स्लाव. तुझ्या लेखात तोच शब्द आहे, मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. खाली "स्लेव्हरी", त्याला स्लावेरी. म्हणजे फोन या वेळी खरं बोलत होता. त्याच्या जरा वर मोठ्या एस्‌ने सुरू होणारा तसाच एक शब्द होता, त्याच्याही पुढे स्लाव. मला वाटलं, एकच शब्द चुकून दोनदा छापलाय.

मंडळाच्या कार्यक्रमात रामेश्वर भेटला. त्याचा भाऊ युरोपात असतो. त्याला मी आडून विचारलं की तिकडे अजून वेठबिगारी चालते का. तो म्हणाला, "वसंतराव, कुठे चालत नाही? बाहेरून आलेल्यांना शेतात, हॉटेलात राबवतात. कागद काढून घेतात." त्याला काय माहीत मी कुणाबद्दल विचारतोय. तो पुढे बासुंदीबद्दल बोलायला लागला. मी उठून घरी आलो.

घरी आलं की मला हल्ली टीव्ही लावावासा वाटत नाही. तुझी आई असताना मी म्हणायचो, तो आवाज जरा कमी कर. आता बंदच असतो.

अवनी, मी एक गोष्ट केली आहे. स्वीडनमध्ये अशा अडकलेल्या लोकांसाठी मदतीचा नंबर आहे. संजयने शोधून दिला. मी फोन केला. एक बाई होत्या, इंग्रजी चांगलं बोलत होत्या. त्यांनी विचारलं, तुमची मुलगी धोक्यात आहे असं तुम्हाला का वाटतं? मी म्हटलं, तिनेच लिहिलंय. काय लिहिलंय? मी सांगितलं, तिचा नवरा स्लेव्ह आहे, मुलगी हाफ स्लेव्ह आहे, आणि तिच्याशी घरात कुणी बोलत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, तुमचं तिच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?

तीन वर्षं झाली, असं मला त्या परक्या बाईला सांगावं लागलं.

त्या म्हणाल्या, आम्ही कुणाला तरी पाठवून चौकशी करू. मी पत्ता दिला.

तुला आवडणार नाही हे मला कळतं. पण मैमुनाबीच्या वेळी मी मागे राहिलो होतो. या वेळी सांगायला तुझी आई नाही.

बाबा

* * *

देरा
५ डिसेंबर

अवनी,

तुझा मेसेज मिळाला. तीन वर्षांनी तुझा पहिला शब्द, आणि तो हा: "बाबा, तू काय केलंस हे तुला कळतंय का?"

नंतरचाही वाचला. पुन्हा पुन्हा वाचला.

म्हणजे त्या दोन बायका आल्या तेव्हा तू कामावर होतीस आणि दामिर भाजी आणायला गेला होता. दार तुझ्या सासूबाईंनी, सेनादाबाईंनी, उघडलं. त्या बायकांनी गळ्यातली ओळखपत्रं दाखवली आणि नम्रपणे विचारलं, या घरात कुणाला कोंडून ठेवलंय का. आणि त्यांनी मुलीला उचललं, बाथरूममध्ये गेल्या आणि आतून कडी लावली. दामिर परत आला तेव्हा दाराबाहेर जमिनीवर बसून त्यांच्याशी बोलत राहिला, तू येईपर्यंत. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता.

बोस्नियातल्या लढाईत त्यांना कैद्यांच्या कॅम्पमध्ये ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस, हेही मला कळतं.

मेसेजच्या शेवटी तू लिहिलं होतंस, "स्लाव म्हणजे काय ते आधी कुणाला तरी विचार." मी विचारलं.

आपल्या बिल्डिंगच्या खाली दातांचा दवाखाना आहे. तिथल्या नव्या डॉक्टर इनाया. आईवडील लाहोरचे, पण ती वाढली माल्मोला. मला काल कळलं, संजयच्या बायकोकडून. मी दात दाखवायच्या निमित्ताने गेलो. तिने तोंड उघडायला सांगितलं. मी म्हटलं, बेटा, दात नंतर, पहले एक लफ्ज़ का मतलब बताओ. आणि माझा कागद पुढे केला, खालचं मराठीही हिंदीत सांगितलं.

ती वाचून मोठ्याने हसली. मग माझा चेहरा बघून थांबली.

"अंकल, ये गुलाम नहीं है. ये कौम है. स्लाव लोग. रशियन, पोलिश, सर्ब, बोस्नियन, सब."

"पर डिक्शनरी में तो गुलाम लिखा है."

"वो भी सही है." तिने प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर लिहून दाखवलं. स्वीडिशमध्ये गुलामाला स्लाव म्हणतात आणि त्या लोकांनाही स्लाव. एकजण असेल तर काही फरक नाही, तेच अक्षर, तोच उच्चार. अनेक असतील तर लोकांचं "स्लावेर" होतं आणि गुलामांचं "स्लावार". स्लाविस्क म्हणजे त्या लोकांचं, आणि स्लाविस्क म्हणजेच लाचार, मान खाली घालून केलेलं. इंग्रजीत निदान शेवटी एक अक्षर जास्त लागतं आणि मोठा एस् असतो. स्वीडिशमध्ये तोही आधार नाही.

मी विचारलं, असं का?

ती म्हणाली, हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्या लोकांना इतकं पकडून विकलं की त्यांच्या नावाचाच अर्थ विकलेला माणूस असा झाला. इंग्रजीतही तिथूनच आला. आणि अरबांच्या बाजारातही त्यांना आणायचे, अंकल, हे इकडचे लोकही काही मागे नव्हते.

मी घरी येऊन डिक्शनरी उघडली. तो वरचा शब्द, मोठ्या एस्‌चा, दोनदा छापलेला नव्हता. तो तुझा नवरा होता.

माझी आई चिडली की म्हणायची, "मी काय तुमची बटीक आहे?" आम्ही हसायचो. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई, हे मला मोठं झाल्यावर कळलं, आणि कळल्यावरही मी त्यावर कधी विचार केला नाही. काल केला.

तुझा नंबर आता माझ्याकडे आहे. मी तो लावलेला नाही.

बाबा

* * *

देरा
२० डिसेंबर

अवनी,

इनायाने तुझ्या मासिकाची वर्गणी भरली. मी तिला सांगितलं नव्हतं. दुपारी दवाखाना रिकामा असतो, तेव्हा तिने मला बोलावलं आणि तुझा लेख पूर्ण वाचून दाखवला. एक वाक्य स्वीडिशमध्ये, मग तेच हिंदीत. मला स्वीडिश कळत नव्हतं तरी मी तिला म्हटलं, गाळू नकोस. तुझी वाक्यं तुझ्या शब्दांत कशी वाजतात ते ऐकायचं होतं.

दामिर नऊ वर्षांचा असताना स्वीडनला आला. शाळेत बाईंनी विचारलं, तू कोण आहेस? त्याच्या वडिलांनी घरी शिकवून पाठवलं होतं, बोस्निया म्हटलं तर लोक लढाईचं विचारतील, सांग की मी स्लाव आहे. तो उभा राहून म्हणाला. सगळा वर्ग हसला. नंतर कुणीतरी त्याच्या दप्तरावर ते मार्करने लिहिलं. तेच दप्तर त्याने वर्षभर वापरलं, कारण दुसरं नव्हतं.

आणि आता तो मुद्दाम तसं म्हणतो. कुणी विचारलं की मान वर करून, "मी स्लाव आहे." समोरचा गोंधळतो. म्हणून तू लेख त्या वाक्याने सुरू केलास. इनाया म्हणाली, "अंकल, हमारे यहाँ कोई ऐसे नहीं लिखता, बोस्नियन लिखते हैं. उसने जानबूझ के लिखा है." म्हणजे स्वीडिश माणूसही क्षणभर दचकावा अशीच तुझी इच्छा होती. दचकून पुढे वाचावं अशी. मी पुढे वाचू शकलो नाही, एवढंच.

मग मुलीचं आलं. मिला. नाव मला इनायाच्या तोंडून कळलं. ती अर्धी स्लाव, आणि उरलेल्या अर्ध्याला तिच्या पाळणाघरात कुणाकडे शब्द नाही. तू फक्त तिला आंघोळ घालताना तिच्याशी मराठीत बोलतेस. जेवणाच्या टेबलावर सगळे त्यांच्या भाषेत हसतात आणि तू थोडं उशिरा हसतेस.

त्यानंतरचं वाक्य इनायाने आधी मनात वाचलं. मी म्हटलं, पढ़ो. तिने वाचलं. "माझी भाषा बोलणारी दोन माणसं मला होती. एक गेली. दुसरा आहे, पण गप्प आहे."

टेबलावर दातांचा एक प्लॅस्टिकचा जबडा होता. इनाया तो उगाच उघडत-मिटत बसली. मी उठलो. खाली येऊन दूध घेतलं. घरी आल्यावर लक्षात आलं की सकाळीच घेतलं होतं.

पत्रासोबत दुसरं एक पाकीट आहे. ते तुझ्या सासूबाईंसाठी आणि दामिरसाठी. मी मराठीत लिहिलं, इनायाला हिंदीत समजावलं आणि तिने ते स्वीडिशमध्ये लिहिलं. तिला वाटत होतं त्यात भाषेतल्या घोळाचं सगळं स्पष्टीकरण द्यावं. मी म्हटलं, नको, ते वकिलासारखं होईल. एवढंच लिहिलंय:

"सेनादाताई, मी अवनीचे वडील. तुमच्या दाराशी त्या बायका माझ्यामुळे आल्या. मला वाटलं माझी मुलगी कोंडलेली आहे. मला तुमचं काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला जी भीती वाटली, तिच्यासाठी मी तुमच्यापुढे हात जोडतो. दामिर, एअरपोर्टवर मी तुमच्याशी बोललो नाही. माझ्या मुलीचा नवरा कोण, असं कुणी विचारलं तर आता मी सांगेन, माझा जावई स्लाव आहे. समोरचा गोंधळला तर समजावून सांगेन."

शेवटच्या ओळीवर इनाया म्हणाली, ये रहने दूँ? मी म्हटलं, रहने दो.

पाकीट द्यायचं की नाही ते तू ठरव. तुझं घर आहे.

बाबा

* * *

देरा
२० जानेवारी २०२५

अवनी,

काल आपण फोनवर होतो, तरी मी आज पत्र लिहितोय. संजय हसला. म्हणाला, शेठ, अब तो नंबर है. त्याला काय सांगू. काल आपण बोललो असं नाही म्हणता येणार. तू फोन धरला होतास.

तुझा कॉल आला तेव्हा मी जबल अलीहून परतत होतो, कंपनीच्या बसमध्येच. मी ड्रायव्हरला म्हटलं, हबीबी, बाजूला घे. तो म्हणाला, इथे थांबता येत नाही. म्हणून मी तसाच, मागच्या सीटवर रिकाम्या डब्यांच्या क्रेट्सबरोबर बसून बोललो. बस जोरात हलत होती, तुम्हाला मी नीट दिसलो नसेन. मला मात्र तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं. खिडकीबाहेर बर्फ. ओट्यावर मोठं पातेलं. समोर सेनादाताई, डोक्याला फिका रुमाल. तू कुठे दिसत नव्हतीस. फोन धरलेला तुझा अंगठा मात्र मधूनमधून कोपऱ्यात येत होता.

त्या बोलायला लागल्या. थांबत थांबत, कुणाला तरी रस्ता सांगावा तसं. मधे तुझा उल्लेख आला, त्यांनी तुझ्या बाजूला हात करून "स्नाहा" म्हटलं. मला "सून"च ऐकू आलं. नंतर तू सांगितलंस की अर्थही तोच आहे.

मग तुझा आवाज आला. मराठीत. अडखळत, शब्द शोधत. तू एवढी अडखळशील असं मला वाटलं नव्हतं.

"त्या म्हणतायत, तुझं पत्र दामिरने त्यांना वाचून दाखवलं."

मी मान हलवली.

"त्या म्हणतायत, त्या दिवशी त्यांना तू नाही घाबरवलंस. ओळखपत्रांनी घाबरवलं. ते जुनं आहे."

मी म्हटलं, तरीपण.

त्यांनी "तरीपण"चा अर्थ विचारला असावा. तू सांगितलास. त्या पुन्हा बोलू लागल्या आणि या वेळी बराच वेळ बोलल्या. बस सिग्नलला थांबली. शेजारच्या क्रेटमधले डबे वाजायचे बंद झाले. तू लगेच भाषांतर केलं नाहीस. तुझा अंगठा फोनवरून सरकला आणि मला क्षणभर तुमचं छत दिसलं.

मग तू म्हणालीस, "त्या म्हणतायत, आम्ही आत होतो तेव्हा दिवसभर दाराकडे बघायचो. वाटायचं, कुणीतरी येऊन विचारेल, इथे कुणाला कोंडलंय का. एवढंच विचारेल. कुणी आलं नाही." तू फोन दुसऱ्या हातात घेतलास. "त्या म्हणतायत, स्नाहाच्या वडिलांनी पाच हजार किलोमीटरवरून माणसं पाठवून विचारलं. चुकीच्या दाराशी पाठवली, पण पाठवली."

मला काय बोलावं सुचलं नाही. तीन वर्षांपूर्वी एअरपोर्टवरही मी गप्पच होतो, पण ते गप्प राहणं वेगळं. या वेळी त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मान डोलावली. त्यांना ते कळलं असावं.

तेवढ्यात मिला आली. ताईंच्या मांडीवर चढून स्क्रीनला नाक लावून बघायला लागली. तू तिला म्हणालीस, "आजोबा." ती म्हणाली, "नेय," म्हणजे नाही. मला आवडलं. तिचं बरोबर आहे. आजोबा असा टेम्पोतल्या कोबीसारखा हलत नसतो.

शेवटी सेनादाताईंनी काहीतरी विचारलं. तू म्हणालीस, "त्या विचारतायत, तू इकडे कधी येणार."

मी तुझ्याकडे बघायला गेलो, पण तू दिसत नव्हतीस. मी ताईंकडे बघून म्हटलं, "इन्शाल्ला."

त्या हसल्या. "इन्शाल्ला," त्यांनीही म्हटलं, अगदी आपल्या गल्लीतल्या माणसासारखं. त्याचं भाषांतर तुला कुणासाठीच करावं लागलं नाही.

मग नेटवर्क गेलं. बस पुढे निघाली. घरी आल्यावर मी टीव्ही लावला, कुठलं तरी क्रिकेट होतं, आणि बघता बघता तसाच झोपलो.

सकाळपासून एकच गोष्ट मनात आहे, म्हणून लिहायला बसलो. काल तू जे जे बोललीस ते सगळं "त्या म्हणतायत"ने सुरू होत होतं. भाषांतर करणाऱ्याने तसंच करायचं असतं, इनाया म्हणाली. पण मला त्यातून तुझं एकही वाक्य सापडेना. कधी येणार, हे त्यांनी विचारलं. त्यांना मी उत्तर दिलं.

संजयने मार्चमधली विमानं बघून ठेवली आहेत. जाड कोटासाठी रामेश्वरला विचारलंय. मी तिकीट अजून काढलेलं नाही.

तू विचारते आहेस का?

बाबा